चार तळहातांवर तोललेली गाडी

नगर हा पर्जन्यछायेतला जिल्हा. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी काय होतो, ते फारसं कुणी बोलत नाही. कोकणातला ड्रायव्हर चार महिने ओल्या रस्त्यावरच असतो, त्याच्या हातापायांना ते वळण पडून जातं. आमच्या सगळ्या सवयी मात्र कोरड्या रस्त्यावर घडलेल्या. पुढच्या गाडीला किती चिकटून जायचं, वळणावर किती वेग ठेवायचा, टायर कुठवर ओढायचा, सगळं कोरड्या डांबराच्या हिशोबानं ठरलेलं. मग वळवाची एखादी सर येते आणि तासाभरात नगर-मनमाड रोडला कुणाची तरी गाडी दुभाजकावर चढलेली दिसते. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ एवढं छापून येतं. नियंत्रण का सुटलं, हे कुणी विचारत नाही.

मी नगरच्या सावेडीत राहते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं हा विषय शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे सावेडीतून निघून नागापूर, एमआयडीसी, विळद घाट, देहरे हा रस्ता उन्हापावसासकट अंगवळणी पडलेला आहे. चाक आणि जमीन यांच्यामध्ये काय घडतं, हा माझ्या कामाचाच भाग होता. शेतात ट्रॅक्टरचं चाक घसरलं तर डिझेल वाया जातं. हमरस्त्यावर कारचं चाक घसरलं तर माणूस जातो. म्हणून जे शिकले ते लिहून ठेवते आहे.

१. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला रस्ता थांबवतो

कारचं प्रत्येक चाक रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेलं असतं. चार चाकं म्हणजे चार तळहात. हजार-बाराशे किलोची गाडी, आतली माणसं, डिकीतलं सामान, हे सगळं वळवायचं, थांबवायचं, पळवायचं काम तेवढ्याच रबरावर चालतं. इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक कितीही महागाचे असोत, त्यांची सगळी ताकद शेवटी या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोचते. तिथे पकड नसेल, तर ब्रेक चाक थांबवेल आणि थांबलेल्या चाकावर गाडी तशीच पुढे जात राहील.

‘मोठी गाडी वजनदार असते, रस्ता धरून चालते’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्याही तोंडून ऐकते. वजनामुळे चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं हे खरं, पण थांबवायचं वजनही तेवढंच वाढलेलं असतं. दोन्हींची फिटंफाट होते. फोर-बाय-फोर गाडीचंही तसंच आहे. चिखलातून निघायला चारी चाकांना मिळणारी ताकद उपयोगी पडते. थांबताना तिचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक कारला चारी चाकांना असतातच.

२. पाण्याला बाजूला व्हायला वेळ लागतो

ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, हे लहान पोरही सांगेल. ती कशी कमी होते हे एकदा नीट समजून घेतलं, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

लहान कारच्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पुढून मागे सुमारे १५ सेंटीमीटर लांब असतो. ओल्या रस्त्यावर या एवढ्याशा जागेचे तीन भाग पडतात. सगळ्यात पुढे नुसतं पाणी. चाक पुढे सरकतं, समोरचं पाणी दाबलं जातं आणि टायरच्या खाचांतून आणि दोन्ही कडांनी बाहेर पळतं. मधल्या भागात पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो, तो रस्त्याच्या खडीची खरखरीत टोकं फोडतात. शेवटच्या भागात रबर रस्त्याला खरंखुरं टेकतं. ओल्या रस्त्यावर गाडी वळते आणि थांबते ती मुख्यतः या मागच्या भागाच्या जोरावर.

आता वेळेचा हिशोब बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. या वेगाला १५ सेंटीमीटर पार व्हायला एका सेकंदाचा हजारावा भाग धरला, तर असे जेमतेम सात भाग लागतात. तेवढ्या वेळात पाणी बाजूला सारायचं, पापुद्रा फोडायचा आणि रबरानं रस्ता धरायचा. ताशी ४० ला तोच वेळ दुप्पट होतो. वेग वाढत जाईल तसा पुढचा पाण्याचा भाग लांबत जातो आणि मागचा पकडीचा भाग आक्रसत जातो. आत बसलेल्याला यातलं काहीच जाणवत नाही. गाडी सरळ चाललेली असते, गाणी लागलेली असतात, आणि खाली पकड निम्मी झालेली असते.

पाणी तरी किती? टायर १६५ मिलिमीटर रुंद, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आणि वेग ८० धरला, तर एका चाकाच्या वाटेत सेकंदाला सुमारे ११ लिटर पाणी येतं. पुढच्या दोन्ही चाकांनी दर सेकंदाला प्रत्येकी तेवढं पाणी बाजूला फेकायचं आहे. टायरवरच्या खाचा या कामासाठी असतात. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही उत्तम पकड देतो. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्यात तसेच टायर लावतात. खाच फक्त पाण्यासाठी आहे. नगरसारख्या कोरड्या मुलखात लोक खाचांकडे दुर्लक्ष करतात, त्याचं कारण हेच. वर्षातले बहुतेक दिवस त्यांच्यावाचून काही अडत नाही.

३. वेगमर्यादा कोरड्या दिवसाची असते

मागचा भाग आक्रसत आक्रसत संपला, की चाक रस्त्यावरून उठून पाण्यावर चढतं. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यानं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ साली यासाठी एक साधं सूत्र दिलं. टायरमधल्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा आणि त्याला सुमारे १६.७ नं गुणा. जो आकडा येईल, ताशी तेवढ्या किलोमीटर वेगाला रस्त्यावर पुरेसं पाणी असलं तर चाक तरंगू लागतं. कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर हा आकडा ९४ येतो. सूत्र विमानांच्या टायरांवरून आलेलं आहे. कारच्या बाबतीत पाण्याची खोली, टायरची रुंदी, खाचांची खोली यांनी आकडा खालीवर होतो. टायर झिजलेला असेल आणि पाणी जास्त असेल, तर ९४ च्या बऱ्याच आधी चाक तरंगतं.

आता समृद्धी महामार्ग आठवा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि आमच्या जिल्ह्यातली माणसं कोपरगाव-शिर्डीकडून त्यावर जाऊ लागली. कारला तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे. पाटीवर १२० लिहिलंय म्हणून भर पावसात १२० नं जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ९४ आणि १२० यांतलं अंतर त्या ड्रायव्हरांना कुणी सांगितलेलंच नसतं. सिमेंटचा सपाट रस्ता, समोर मोकळी वाट, त्यावर क्रूझ कंट्रोल लावलेला. पावसात तो आधी बंद करायचा. पाण्याचा पट्टा लागला की आपण पाय उचलतो. यंत्र मात्र ठरलेला वेग राखायला जोर लावत बसतं.

चाक तरंगायला लागल्याच्या खुणा असतात, त्या ओळखायला शिका. स्टिअरिंग एकाएकी हलकं लागतं. खालून येणारा पाण्याचा सळसळ आवाज बदलतो. ओढणाऱ्या चाकांची पकड सुटली असेल, तर रेस न वाढवताच इंजिनचा आवाज चढतो. यातलं काहीही जाणवलं तर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. वेग उतरला की चाक आपसूक रस्त्यावर येतं.

४. उन्हाळ्यात सोडलेली हवा जूनमध्ये भरून घ्या

आमच्याकडे एक पक्की समजूत आहे, की एप्रिल-मेच्या उन्हात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. खरं तर कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो, आणि फुटण्याचा धोका त्यालाच अधिक. पावसात दुसरं नुकसान होतं. वरचं सूत्र लावून बघा: ३३ पीएसआयला आकडा ९६ येतो, २६ ला ८५. शिवाय हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि पाणी नेमकं तिथे अडकतं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं दाबाचा आकडा चिकटवलेला असतो. तो खरा. टायर गार असताना, म्हणजे सकाळी निघाल्याबरोबर जवळच्या पंपावर हवा तपासावी.

५. टायर हातानं बघायचा असतो

मनमाड रोडवर एक टायरवाले आहेत. गाडी आली की ते आधी जमिनीवर बसतात, चाक पूर्ण वळवायला लावतात आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवतात. बाहेरून टायर ठीक दिसत असतो, पण अलाइनमेंट बिघडलेली असली तर आतली कड पार गोटा झालेली असते. उभ्या माणसाला ते दिसत नाही. त्यांनी एकदा माझा हात धरून तो फरक दाखवला: बाहेरच्या खाचेत नख बुडतं, आतल्या बाजूला हात सरळ घसरत जातो. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांनाही टायर बघायला बोटंच वापरायला सांगत आले.

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचेच्या तळाशी आडवा रबरी उंचवटा दिलेला असतो. टायरचा पृष्ठभाग झिजून त्याच्या पातळीला आला की टायर संपला. पण १.६ ही कायद्याची शेवटची पायरी आहे. पावसाच्या दृष्टीनं ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी वापरत नाही आणि घरातल्या कुणाला वापरू देत नाही. उरलेल्या उथळ खाचांतून मघाचं ते ११ लिटर पाणी जाणार कुठून?

टायरचं वयही बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. गाडी फार न फिरवणाऱ्यांच्या, महिनोन्‌महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला खाचा भरपूर असतात, पण रबर कडक झालेलं असतं. कडक रबर खडीच्या टोकांत रुतत नाही.

६. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा

हा मुद्दा मांडला की हमखास वाद होतो. आपल्याकडे रीत अशी, की नवे टायर पुढे. पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात, लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे आणि जुने मागे. दिसायला तर्क बरोबर आहे. टायर कंपन्या मात्र उलटं सांगतात. का, ते मी विळद घाटात जवळून पाहिलं.

जुलैतली सकाळ होती, बारीक पाऊस लागलेला. राहुरीकडे उतरताना पुढे एक पांढरी लहान कार होती. वळणाच्या मध्यात तिचे मागचे लाल दिवे लागले. पुढची चाकं जागेवर राहिली आणि मागचा भाग सावकाश, अगदी दार उघडल्यासारखा, बाहेर आला. बघता बघता गाडीचं तोंड आमच्याकडे झालं. काचेतून ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. गाडी तशीच उलटी सरकत जाऊन साइडपट्टीच्या चिखलात थांबली. समोरून तेव्हा काही येत नव्हतं, कुणाला लागलं नाही. आम्ही थांबून मदतीला गेलो. पुढचे टायर इतके नवे होते की त्यांच्यावरचे रबराचे केससुद्धा अजून होते. मागच्या टायरांवर खाच औषधालाही नव्हती.

पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ पुढे जाते. हे वाईटच, पण ड्रायव्हरला कळतं आणि पाय उचलला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरायला लागणारं कसब रोजच्या ड्रायव्हरकडे नसतं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं आधीच हलकी होतात. त्यात उतार, त्यात वळण, त्यात गोटा टायर. म्हणून चांगले टायर मागे. टायरवाला तोंड वाकडं करेल, तरी मागेच.

७. ओल्या रस्त्यावर वेग पाऊणपट

कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास धरतात, ओल्यावर ०.४. टायर चांगले असतानाची ही गोष्ट. या आकड्यांनी ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर काढता येतं. ताशी ६० ला कोरड्यात २० मीटर, ओल्यात ३५. ताशी ८० ला कोरड्यात ३६, ओल्यात ६३. यात ड्रायव्हरला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला, तरी ८० च्या वेगाला आणखी २२ मीटर जातात. म्हणजे पावसात ८० नं जाणारी गाडी थांबायला ८५ मीटर लागतात. मनमाड रोडवर दोन गाड्यांमध्ये ८५ मीटर अंतर मला पावसातही कधी दिसलेलं नाही.

याच आकड्यांत एक उपयोगी गोष्ट दडली आहे. कोरड्यात ८० ला लागणारे ३६ मीटर आणि ओल्यात ६० ला लागणारे ३५ मीटर जवळपास सारखेच. वळणाचंही तेच. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्यात चाकं ताशी ६७ पर्यंत धरतात, ओल्यात ५० पर्यंत. दोन्हीकडे प्रमाण पाऊणपट. तेव्हा पावसात ‘जरा हळू’ चालवू नका, नेहमीच्या वेगाच्या पाऊणपट चालवा. ८० चे ६०, ६० चे ४५. टायर जुने असतील तर त्याहून कमी.

८. चाकाला एका वेळी एकच काम सांगा

चाकाची पकड ही ठरावीक रक्कम आहे. ती ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वळणावर. दोन्हीकडे एकदम उधळलीत की शिल्लक संपते, आणि ओल्या रस्त्यावर मुळात रक्कमच कमी असते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारून घ्यावा. वळणात चाकाला फक्त वळू द्यावं. घाट उतरताना गिअरही आधीच खाली घ्यावा. वळणात झटक्यानं खालचा गिअर टाकून क्लच सोडला, तर तोही ब्रेकच होतो, तोही फक्त ओढणाऱ्या चाकांना. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना मी हात जोडते. ती बचत घाटात करू नका.

९. थोडी घसर पकड देते, पूर्ण घसर पकड घालवते

विद्यार्थ्यांना आम्ही शेतावर नेऊन ट्रॅक्टरची स्लिप मोजायला लावतो. मागच्या मोठ्या चाकावर खडूनं खूण करायची, नांगर वर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते मोजायचं. मग नांगर जमिनीत घालून त्याच दहा फेऱ्यांत किती जातो ते मोजायचं. दुसरं अंतर कमी भरतं, कारण चाक थोडं जागच्या जागी घसरतं. मुलांना पहिल्यांदा वाटतं, घसर शून्य असली पाहिजे. तसं नसतं. शेतात दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास घसर असताना ट्रॅक्टर सगळ्यात चांगलं काम करतो. त्यापुढे चाक नुसतं माती उकरतं.

कारच्या ब्रेकचंही असंच आहे. चाक गाडीच्या वेगापेक्षा दहा-वीस टक्के मागे पडत फिरतं, तेव्हा पकड सर्वांत जास्त. ते पूर्ण जॅम झालं की पकड घटते आणि स्टिअरिंग निरुपयोगी होतं, कारण न फिरणारं चाक कुठेही तोंड करून उभं असलं तरी गाडी आपल्या मूळ दिशेनंच जाते. एबीएस नेमकं हे टाळतं. चाक जॅम होऊ लागलं की ब्रेक क्षणभर सैल करतं, पुन्हा धरतं, हे सेकंदात कितीतरी वेळा. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरतं. अनेकजण घाबरून पाय काढतात. काढू नका. पेडल दाबून ठेवा आणि स्टिअरिंगनं अडथळा चुकवा. एबीएस त्यासाठीच दिलंय. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला ते सक्तीचं आहे. त्यानं पकड वाढत नाही, असलेली पकड वाया जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नगरजवळ वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. लष्कराच्या गाड्यांबरोबर नागरी गाड्यांच्या चाचण्याही तिथे होतात. एबीएसची परीक्षा कशी असते ते ऐकण्यासारखं आहे: एका बाजूची चाकं निसरड्या पट्ट्यावर, दुसऱ्या बाजूची पकड असलेल्या पट्ट्यावर, आणि मग जोरात ब्रेक. अशी परीक्षा आपल्या रस्त्यांवर रोज होते. समोरच्या ट्रकला वाट द्यायला डावी चाकं साइडपट्टीच्या चिखलात उतरतात, उजवी डांबरावर राहतात. तिथे ब्रेक दाबला की गाडी डांबराच्या बाजूला, म्हणजे थेट ट्रकच्या दिशेनं ओढली जाते. खाली उतरायचंच असेल तर वेग आधी कमी करा, मग उतरा.

१०. पहिल्या सरीला थांबून चहा घ्या

मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम जास्त घातक असते. महिनोन्‌महिने रस्त्यावर टायरांचा रबराचा चुरा, ट्रकमधून ठिबकलेलं ऑइल नि डिझेल आणि आमची बारीक धूळ साचलेली असते. थोडं पाणी पडलं की या सगळ्याचा लेप तयार होतो. जोराचा पाऊस लागून राहिला तर तो वाहून जातो. त्यामुळे पहिला अर्धा तास सांभाळायचा. एमआयडीसीच्या टापूत, सिग्नलजवळ, ट्रक थांबतात त्या जागी तर फारच. मेच्या उन्हात डांबर वितळून वर येतं आणि रस्त्यावर काळे चकचकीत पट्टे तयार होतात. तिथे खडीची टोकं बुडालेली असतात, पापुद्रा फोडायला काही उरत नाही.

११. चाकांच्या वाटा बघून चालवा

जड वाहनांनी रस्त्याला पन्हळी पाडलेल्या असतात. त्या पाण्यानं भरल्या की चाकं त्यांतून काढून थोडी बाजूनं न्यावीत. रस्ता सपाट असेल तर उलट करावं, पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी पुसलेल्या वाटेवरून जावं. ट्रक बिनघोर पळतोय म्हणून त्याच्या मागे पळू नये. त्याच्या टायरमध्ये शंभरच्या वर पीएसआय असतो, भरलेल्या ट्रकचं चाक पाण्यावर सहसा चढत नाही. आपलं चढतं.

मोटारसायकल, स्कूटीवाल्यांसाठी: झेब्राचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या ओल्या असताना त्यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. सरळ ओलांडा.

१२. घसरलीच तर

नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवा. खांबाकडे बघाल तर हात खांबाकडेच वळतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडा. पुढची चाकं घसरत असतील तर स्टिअरिंग अजून पिळू नका, थोडं सरळ करा म्हणजे ती पुन्हा धरतील. मागचा भाग उजवीकडे जात असेल तर स्टिअरिंग उजवीकडे, डावीकडे जात असेल तर डावीकडे, आणि गाडी सावरू लागली की लगेच सरळ. पाण्यातून गाडी काढल्यावर काही अंतर ब्रेक हलका दाबत जा, ओल्या डिस्क सुकतील.

१३. रस्त्यावर माती आणणाऱ्यांसाठी

पावसात रस्ता निसरडा होतो, त्यात आभाळाचा वाटा असतो तसा आपलाही असतो. परतीचा पाऊस आणि उसाचा हंगाम आमच्याकडे एकमेकांना लागून येतात. ओल्या शेतातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाहेर पडतात, चाकांना काळ्या मातीचे लगदे असतात, ते डांबरावर पडत जातात. ही माती चिकण, तिचा पातळ थर ओला झाला की त्यावर नवा टायरही धरत नाही. सावेडीत पाइपलाइन रोड, गुलमोहर रोडच्या बाजूला बांधकामं चालू असतात. रस्त्याकडेला टाकलेली क्रश सँड नि मुरूम पहिल्या पावसात वाहून नेमका वळणावर येऊन बसतो. दुचाकीवरची मुलं तिथेच पडतात.

शेतकरी बांधवांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना विनंती आहे, की शेतातून हमरस्त्यावर चढण्याआधी बांधावर पाच मिनिटं थांबा आणि खोऱ्यानं चाकांची माती खरवडून काढा. बांधकाम करणाऱ्यांनी वाळूच्या ढिगाला विटांचा आडोसा करावा आणि सांडलेली वाळू रोज संध्याकाळी झाडून घ्यावी. रस्त्यावर माती पडलीच असेल, तर पाऊस यायच्या आत ती उचला.